अ‍ॅप बनवून घेताय? आधी पडद्याचे माप पाहा

तुमसरचे नाव निघाले की व्यापारी माणसाच्या डोळ्यांपुढे तांदूळ येतो. धानाची आवक, राईस मिलचा आवाज, कोंड्याचे ढीग आणि मालाच्या गाड्या ही या गावाची जुनी ओळख. पण आज आम्ही तांदळाचा भाव सांगायला बसलो नाही. या बाजारात आता आणखी एका वस्तूची खरेदी सुरू झाली आहे. ती वस्तू डोळ्यांना दिसते, पण हातात घेऊन पारखता येत नाही, तराजूत टाकता येत नाही. ती म्हणजे दुकानाचे स्वतःचे मोबाईल अ‍ॅप. या खरेदीत आपले बांधव कोठे फसतात आणि फसू नये म्हणून काय पाहावे, हे आज सांगायचे आहे.

तुमसरच्या बाजारात आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग कापड व्यापारी आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हणतो. दुकानात साधे कापड, लग्नाचा बस्ता आणि थोडा कोशाचा माल. लग्नसराईत गिऱ्हाईक गावोगावहून येते. चाचांच्या मुलाने आग्रह धरला की, आता घरबसल्या माल पसंत करता आला पाहिजे. शहरातल्या एका तरुणाला काम दिले. तो अ‍ॅप घेऊन आला आणि स्वतःच्या मोबाईलवर चाचांना दाखवले. साड्यांचे रंग कसे खुलून दिसत होते, अक्षरे कशी रेखीव! चाचा खूश झाले. ठरलेली रक्कम मोजून दिली.

आठवडा गेला नाही तोच तक्रारी सुरू झाल्या. खाणीवर काम करणारा एक जण म्हणाला, "चाचा, साडी दिसते, पण ऑर्डर द्यायचे बटण कुठे आहे?" एका निवृत्त गुरुजींनी फोन पुढे केला. त्यांच्या पडद्यावर किमतीचे पहिले दोन आकडे दिसत होते, पुढे नुसती टिंबे. एका बाईला 'पाठवा' दाबायचे होते, पण बोट शेजारच्या 'रद्द करा'वर पडत होते. अ‍ॅप करणाऱ्याला फोन केला तर उत्तर आले, "माझ्या मोबाईलवर तर बरोबर चालते."

चाचांनी आम्हाला गाठले. म्हणाले, "भाई, तुम्ही लिहिणारे लोक. मला एकच सांगा, अ‍ॅप खोटे की गिऱ्हाइकांचे फोन खोटे?"

आम्ही चौकशी केली, जाणकारांना विचारले. उत्तर असे की, फोन मुळीच खोटे नाहीत. अ‍ॅप चुकीच्या मापाने शिवले होते. शिंप्याने एकाच माणसाचे माप घ्यावे आणि त्याच मापाचा कुर्ता साऱ्या गावाला घालायला द्यावा, तसे झाले होते.

पायलीचा जुना घोळ

हा प्रश्न समजायला आपल्या भागातला जुना धान व्यवहार आठवावा. पूर्वी धान पायलीने, कुडवाने, खंडीने मोजत. नाव एकच, पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच याची खात्री नसे. "दहा पायल्या" म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठल्या पायलीने?" १९५६ साली वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, पुढच्या काही वर्षांत किलो आणि क्विंटल आले आणि घोळ कागदोपत्री तरी मिटला. आज मिलवाला क्विंटलचा भाव बोलतो, तो तुमसरला, गोंदियाला आणि नागपूरला सारखाच कळतो.

मोबाईलच्या पडद्यावर पिक्सेल नावाचे माप आहे. ते या जुन्या पायलीसारखे आहे. पडदा बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. चित्र असो की अक्षर, ते या ठिपक्यांनीच उमटते. या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. पण ठिपका किती मोठा असावा याला नियम नाही. एका फोनमध्ये एक इंच जागेत १६० ठिपके बसवलेले असतात, दुसऱ्यात २७०, तिसऱ्यात ४००, महागड्या फोनमध्ये ५०० पर्यंत. इंचात किती ठिपके बसतात, यालाच पडद्याची घनता म्हणतात. छापखान्याशी संबंध असलेल्यांना हे नवे नाही. लग्नपत्रिका छापणारा चित्र मागताना "तीनशे डीपीआय" म्हणतो, तो हाच हिशेब.

आता हिशेब करून पाहू. अ‍ॅप करणाऱ्याने लिहून ठेवले की बटण १०० पिक्सेल रुंद असावे. इंचाला १६० ठिपके असलेल्या पडद्यावर हे बटण १६ मिलिमीटर भरेल. साडेसहा इंची, ७२० बाय १६०० ठिपक्यांच्या स्वस्त फोनवर इंचाला सुमारे २७० ठिपके पडतात, तेथे तेच बटण साडेनऊ मिलिमीटरच्या आत. तितक्याच मोठ्या पण १०८० बाय २४०० ठिपक्यांच्या फोनवर इंचाला सुमारे ४०५ ठिपके, तेथे ते सहा मिलिमीटरच्या थोडे पुढे. ५०० ठिपक्यांच्या पडद्यावर जेमतेम पाच मिलिमीटर. आकडा एकच लिहिला, पण माल प्रत्येक फोनवर वेगळा उतरला. हे मापात पाप नव्हे तर काय?

चाचांच्या दुकानी नेमके हेच झाले होते. त्या तरुणाचा फोन १०८० ठिपके रुंदीचा. त्याने ऑर्डरचे बटण डाव्या कडेपासून ८०० ठिपक्यांवर बसवले. त्याच्या पडद्यावर ते उजव्या बाजूला झोकात बसले. पण खाणीवरच्या भावाच्या फोनची सारी रुंदीच ७२० ठिपक्यांची. ८०० वर ठेवलेले बटण पडद्याच्या बाहेर गेले. दुकान उघडे, माल मांडलेला आणि गल्ला मात्र भिंतीपलीकडे, अशी गत झाली.

डीपी म्हणजे काय?

मग यात किलो-क्विंटलसारखे समान माप आहे की नाही? आहे. त्याचे नाव डीपी. व्हॉट्सअ‍ॅपवर लावतो तो फोटो नव्हे आणि गावाबाहेरचा विजेचा डीपीही नव्हे. हा डीपी म्हणजे पडद्याच्या घनतेवर अवलंबून नसलेला पिक्सेल.

अँड्रॉइडचे पहिले फोन २००८ साली बाजारात आले, तेव्हा पडदा ३२० बाय ४८० ठिपक्यांचा होता. मग निरनिराळ्या पडद्यांचे फोन येऊ लागले, म्हणून २००९ साली अँड्रॉइडच्या १.६ या आवृत्तीत लहानमोठ्या पडद्यांची आणि घनतेची सोय करण्यात आली. इंचाला १६० ठिपक्यांचा पडदा प्रमाण धरला. त्या पडद्यावर एक डीपी म्हणजे एक ठिपका. बाकी पडद्यांसाठी गणित सोपे आहे: डीपीला फोनच्या घनतेने गुणावे आणि १६० ने भागावे, म्हणजे ठिपके मिळतात. हे गणित फोन स्वतः करतो. अ‍ॅप करणाऱ्याने फक्त माप डीपीत लिहायचे.

घनतेच्या ठराविक पायऱ्या आहेत. १६० ही मूळ पायरी, मग २४०, ३२०, ४८० आणि ६४०. म्हणजे मूळ मापाच्या एकपट, दीडपट, दुप्पट, तिप्पट आणि चौपट. जुन्या शाळेत दीडकीचे पाढे पाठ केलेल्यांना हा हिशेब तोंडी करता येईल. ४८ डीपीचे बटण या पायऱ्यांवर अनुक्रमे ४८, ७२, ९६, १४४ आणि १९२ ठिपक्यांचे होते. ठिपके बदलतात, बोटाखालचा आकार जवळपास तोच राहतो.

'जवळपास' हा शब्द आम्ही मुद्दाम घातला. फोन बनवणारी कंपनी खऱ्या घनतेच्या आसपासचा एक आकडा ठरवून फोनवर त्याचा शिक्का मारते. वरच्या उदाहरणातल्या २७० च्या स्वस्त फोनवर ३२० चा शिक्का आणि ४०५ च्या फोनवर ४८० चा शिक्का आहे असे धरा. ४८ डीपीचे बटण पहिल्यावर ९६ ठिपक्यांचे, दुसऱ्यावर १४४ ठिपक्यांचे होईल. पट्टी लावून मोजाल तर दोन्हीकडे नऊ मिलिमीटर. एवढेच नव्हे, दोन्ही पडद्यांची रुंदीही डीपीत मोजली तर ३६० च भरते. म्हणजे ठिपक्यांत पाहिले तर ७२० आणि १०८० अशी मोठी तफावत, पण समान मापात दोन्ही फोन एकाच घराण्यातले!

आयफोनमध्ये याच मापाला पॉइंट म्हणतात. २०१० साली आयफोन ४ आला, तेव्हा पडद्याचा आकार तोच ठेवून आडवे-उभे ठिपके दुप्पट केले गेले. तरी जुनी अ‍ॅप्स चालत राहिली, कारण त्यांचे माप पॉइंटमध्ये होते आणि फोनने एका पॉइंटला दोन ठिपके धरले. पुढे मोठ्या आयफोनमध्ये तीन ठिपके धरले जाऊ लागले. कंपनी वेगळी, रीत तीच.

चित्रांचा हिशेब

बटणाचे झाले, आता चित्राचे पाहू. व्यापाऱ्याच्या अ‍ॅपमध्ये चित्र म्हणजेच माल. फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला बारका फोटो दिला तर दहा फुटी बॅनरवर चेहऱ्याचे चौकोन-चौकोन होतात, हे आपण निवडणुकीच्या दिवसांत पाहतोच. तसेच कमी ठिपक्यांचे चित्र दाट पडद्यावर ताणले की धूसर होते. कोशाच्या साडीचा पोतच दिसला नाही तर गिऱ्हाइकाला ती कोशाची आहे हे कळणार कसे?

म्हणून अ‍ॅपमधल्या खुणांची आणि शिक्क्यांची चित्रे प्रत्येक पायरीसाठी वेगळी ठेवावी लागतात. २४ डीपीची खूण असेल तर २४, ३६, ४८, ७२ आणि ९६ ठिपक्यांच्या पाच प्रती. फोन आपल्याला जुळेल ती प्रत उचलतो. काही जण आळस करून एकच मोठी प्रत ठेवतात. तिचाही तोटा आहे. चौपट मापाच्या चित्रात ठिपके सोळापट असतात, कारण रुंदी आणि उंची दोन्ही वाढतात. पडद्यावर मांडताना एका ठिपक्याला साधारण चार बाईट जागा लागते. म्हणजे हजार बाय हजार ठिपक्यांचे एक चित्र ४० लाख बाईट खाते. अशा वीस साड्या एकदम दाखवल्या की स्वस्त फोन अडखळतो, गरम होतो आणि अ‍ॅप बंद पडते. गिऱ्हाईक म्हणते, दुकान बंद आहे!

साध्या खुणांसाठी आता आणखी सोपी वाट आहे. चित्र ठिपक्यांऐवजी रेषांच्या सूचनांनी लिहून ठेवायचे, म्हणजे ते कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ साली ५.० या आवृत्तीबरोबर आली. फोटोला ती चालत नाही, पण टोपली, फोन, बाण अशा खुणांना उत्तम. शिवाय २०१८ पासून अशी व्यवस्था आली की, अ‍ॅप उतरवून घेताना गिऱ्हाइकाच्या फोनला लागणारीच प्रत जावी, पाचही नव्हेत. २०२१ च्या ऑगस्टपासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या अ‍ॅपला याच पद्धतीचे बंधन आहे. डेटाचा रिचार्ज मोजून वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला याचा फायदा होतो.

काठाचे चित्र ताणावे लागते, तेव्हा एक युक्ती वापरतात. आपल्या विणकरांना ती लगेच कळेल. करवतकाठी साडी लांब विणायची म्हणून कोणी करवतीचे दात लांब करीत नाही. काठ आपल्या मापात राहतो, अंग वाढते. तसेच चौकटीच्या चित्राचे नऊ भाग पाडतात. चार कोपरे जसेच्या तसे ठेवतात, कडा एकाच दिशेने ताणतात आणि मधला भाग हवा तेवढा पसरवतात. चौकट लहान फोनवरही नीट दिसते, मोठ्यावरही.

अक्षर कापले, अर्थ बदलला

आता सर्वांत महत्त्वाचे, अक्षर. वय झाले की माणूस फोनमधले अक्षर मोठे करून घेतो. आमच्या गुरुजींनी तेच केले होते. अक्षरासाठी डीपीसारखेच, पण वापरणाऱ्याच्या या निवडीचा मान राखणारे वेगळे माप आहे, त्याला एसपी म्हणतात. अँड्रॉइड १४ या २०२३ च्या आवृत्तीत अक्षर दुप्पट मोठे करता येते. प्रश्न असा की, अक्षर मोठे झाले पण त्याची चौकट तेवढीच राहिली तर? अक्षर कापले जाणार.

इंग्रजी अक्षर थोडे कापले गेले तरी बहुधा ओळखता येते. आपल्या देवनागरीला वर अनुस्वार, रफार आणि मात्रा, खाली उकार. ओळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे जागा हवी. चौकटीने खालची बाजू छाटली की 'तूर' ची 'तर' होते, 'मूग' चा 'मग' होतो. वरची छाटली की 'शंभर' चे 'शभर'. धान्याच्या व्यापाऱ्याला यातली गंमत कळेल आणि धोकाही कळेल. उपाय साधा आहे. चौकटीची उंची ठाम ठरवून टाकू नये. किमान उंची सांगावी आणि अक्षर वाढेल तशी चौकट वाढू द्यावी.

उर्दूत पाटी लावणाऱ्या दुकानदारांना हे आणखी लागू आहे. नस्तालीक लिपीत शब्द वरून खाली तिरका उतरतो, त्यामुळे तिला देवनागरीपेक्षाही उंच ओळ लागते. इंग्रजीच्या मापाने बांधलेल्या चौकटीत नस्तालीक बसवली तर वरच्या ओळीची शेपटे खालच्या ओळीत घुसतात. शिवाय उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. अँड्रॉइडमध्ये २०१२ पासून, ४.२ या आवृत्तीत, सारी मांडणी उलट फिरवण्याची सोय आहे. पण त्यासाठी अ‍ॅप करणाऱ्याने 'डावीकडे-उजवीकडे' असे न लिहिता 'सुरुवातीला-शेवटी' असे लिहिलेले असावे लागते. हे आधी सांगितले तर काम थोडेसे, नंतर सांगितले तर पुन्हा सारे उसवून शिवण्याइतके.

आणि आकडा! जागा कमी पडली की अ‍ॅप पुढचा मजकूर गाळून टिंबे देते. साडीच्या नावाचा शेवट गळाला तर चालेल. पण १,२५,००० रुपये ही रक्कम '१,२५…' अशी दिसली तर ती सव्वाशे समजायची की सव्वा लाख? वहीत नाव थोडक्यात लिहिण्याची चाल आहे, रक्कम थोडक्यात लिहिण्याची नाही. अ‍ॅपमध्येही हाच नियम हवा. रक्कम दुसऱ्या ओळीत जाऊ द्या, थोडी लहान होऊ द्या, पण कापू देऊ नका.

कष्टाच्या बोटाचा विचार

तुमसरच्या बाजारात कोण येते? चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींवरचा कामगार, मोहाडीकडचा विणकर, धान विकून आलेला शेतकरी, बिडी वळणारी बाई, हाताला चुना लागलेला गवंडी. ही कष्टाची बोटे आहेत. त्यांना टाचणीच्या डोक्याएवढे बटण देऊन चालत नाही. म्हणूनच अँड्रॉइडच्या जाणकारांनी बोटाने दाबायची जागा ४८ डीपीपेक्षा लहान नसावी असे सांगून ठेवले आहे. आयफोनवाले ४४ पॉइंट सांगतात. खूण दिसायला २४ डीपीची असली तरी तिच्याभोवतीची दाबण्याची जागा ४८ ची ठेवता येते. 'पाठवा' आणि 'रद्द करा' यांना एकमेकांना चिकटवू नये, मध्ये किमान ८ डीपीची फट ठेवावी. जिथे पैशाचा व्यवहार आहे तिथे त्याहून जास्त.

आणखी एक गोष्ट. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून फोनमध्ये नुसते अक्षरच नव्हे, पडद्यावरचे सारेच मोठे करून पाहण्याची सेटिंग आहे. ती वाढवली की फोनची डीपीतली रुंदी कमी होते. ३६० ची ३२० किंवा त्याहूनही कमी भरते. म्हणून मांडणी ३६० वरच घट्ट बांधू नये. जागा कमी पडली तर शेजारची वस्तू खाली उतरावी, बाहेर पळू नये. आणि पैशाचे किंवा ऑर्डरचे बटण पडद्याच्या तळाशी कायम दिसेल असे ठेवावे.

पैसे देण्याआधी काय पाहावे?

आमच्या बांधवांनी संगणकाची विद्या शिकावी असे आमचे म्हणणे नाही. सोने घेणारा स्वतः सोनार नसतो, तरी कसोटी पाहतो. अ‍ॅपची कसोटी अशी:

एक, अ‍ॅप करणाऱ्याच्या फोनवर पाहून समाधान मानू नका. दुकानातल्या नोकराचा, घरातल्या वडीलधाऱ्यांचा आणि एखाद्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फोन घ्या. त्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुना फोन हवाच.

दोन, त्या फोनमधले अक्षर सर्वांत मोठे करा, पडद्यावरच्या वस्तूही मोठ्या करा आणि अ‍ॅप पुन्हा उघडा. प्रत्येक पान पाहा. उकार, अनुस्वार, रफार जागेवर आहेत का?

तीन, आपल्या धंद्यातली सर्वांत मोठी रक्कम आणि सर्वांत लांब नाव त्यात भरा. रक्कम पूर्ण दिसते का?

चार, फोन आडवा करा. बटण नाहीसे होते का?

पाच, घरातल्या सर्वांत जाड बोटाच्या माणसाला ऑर्डर देऊ द्या. तीनदा दिली आणि तिन्ही वेळा बरोबर दाबली गेली तरच पास.

सहा, अ‍ॅप करणाऱ्याला सरळ विचारा, "मापे पिक्सेलमध्ये लिहिली आहेत की डीपी आणि एसपीत?" उत्तर देताना तो अडखळला तर समजून जा. आणि "३२० डीपी रुंदीच्या पडद्यावर आणि सर्वांत मोठ्या अक्षरात नीट चालले पाहिजे" ही अट सौद्याच्या कागदावर लिहून घ्या. शेवटचा हप्ता ही कसोटी झाल्यावरच द्या.

यात अ‍ॅप करणाऱ्याचेही नुकसान नाही. अ‍ॅप बनवायचे अँड्रॉइड स्टुडिओ हे साधन फुकट मिळते आणि त्यात निरनिराळ्या घनतेचे नकली फोन संगणकाच्या पडद्यावर उघडून पाहता येतात. दहा फोन विकत घ्यायची गरज नाही. पण नकली फोनावर जाड बोट ठेवता येत नाही आणि उन्हात पडदा कसा दिसतो तेही कळत नाही, म्हणून खरा स्वस्त फोन एक तरी हवा.

मुळात अ‍ॅप हवे का?

जाता जाता एक स्पष्ट बोलतो. प्रत्येक दुकानाला स्वतःचे अ‍ॅप लागतेच असे नाही. ज्याचे गिऱ्हाईक पंचवीस-पन्नास घरांचे आहे, त्याला २०१८ साली आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर मालाची यादी लावूनही भागते. तेथे पडद्याच्या मापाची काळजी ते अ‍ॅप चालवणारे घेतात. वेबसाईट केली तरी चालते, पण तिथेही हेच दुखणे आहे. पानात फोनच्या रुंदीला जुळवून घेण्याची एक ओळ लिहिलेली नसेल तर फोन त्या पानाला संगणकाचे पान समजतो, साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि सारे आकसून मुंगीएवढे करतो. गिऱ्हाईक दोन बोटांनी ताणून ताणून दमते आणि दुसरे दुकान गाठते.

आमच्या तरुण मुलांनाही एक सांगावेसे वाटते. तुमसर, मोहाडी, भंडारा येथील दुकानदारांना शहरातले लोक अ‍ॅप विकून जातात आणि नंतर फोन उचलत नाहीत. जो मुलगा हे काम शिकेल, मराठी, हिंदी आणि उर्दू तिन्ही अक्षरे पडद्यावर नीट बसवून देईल आणि गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनवर तपासून देईल, त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही. शिंपी उत्तम तोच, जो अंगाला हात लावून माप घेतो.

चाचांचे पुढे काय झाले? त्यांच्या मुलाने वरची यादी घेऊन अ‍ॅप करणाऱ्याला दुकानात बोलावले. समोर चार गिऱ्हाइकांचे चार फोन ठेवले. त्याने डोळ्यांनी पाहिले, तेव्हा त्याला पटले. मापे डीपीत आली, चौकटी सैल झाल्या, बटण तळाशी आले. गुरुजींनी पुन्हा अ‍ॅप उघडले, चष्मा वर केला आणि किंमत मोठ्याने वाचून दाखवली. शेवटच्या शून्यासकट.

चाचा आम्हाला म्हणाले, "भाई, इतकी वर्षे गजाने कापड मोजले, मग मीटरने मोजले. काचेचा पडदाही मोजावा लागतो हे माहीत नव्हते."

आता माहीत झाले. आमच्या वाचकांनीही पैसे मोजण्याआधी एकदा पडदा मोजून घ्यावा.